सह्याद्री टेबलावर मांडताना: टेरेन बोर्ड पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला टेरेन बोर्ड म्हणजे काय हे फार समजवावं लागत नाही. विटा-दगड रचायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं, चिखलाने लिंपायचं, हळीव पेरायचे आणि ते उगवून आले की मावळे मांडायचे. मिनिएचर खेळ म्हणजे छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांनी, म्हणजे मिनींनी, टेबलावर खेळायच्या लढाया आणि साहसं. त्यांचा बोर्ड त्याच घराण्यातला. फक्त दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा एकदा चिखलात रोवला की तुळशीच्या लग्नापर्यंत जागचा हलत नाही. बोर्डावरची मिनी मात्र दर डावाला हलते. कड्याच्या टोकावर जाते, दरवाज्याआड दबा धरते, आडवी होते, पुन्हा उभी राहते. म्हणून बोर्डाच्या प्रत्येक इंचाला आधी एकच प्रश्न विचारायचा: इथे मिनी उभी राहील का? दिसण्याचं नंतर बघू.

हे मी माझ्या पहिल्या बोर्डावर शिकले. साताऱ्याच्या गोडोलीतल्या आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याचा कडा समोर दिसतो, तसाच उतार मी हुबेहूब केला होता. रंग मनासारखा, गवत मनासारखं. रविवारी सगळे खेळायला बसले आणि पहिल्याच फेरीत उतारावरच्या चारही मिनी घसरून खाली आल्या. दोघींच्या तलवारी मोडल्या. दोन महिने बसून मैत्रिणीने त्या रंगवल्या होत्या. तेव्हापासून डिंक लावण्याआधी मी हातात मिनी घेऊन बसते, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच पहिल्यांदा सांगते.

आधी माप

या खेळांतल्या बहुतेक मिनी २८ मिमी मापाच्या असतात आणि त्यांच्या पायाखालचा गोल बेस २५ मिमीचा, म्हणजे जवळजवळ एक इंचाचा. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात टेबलावरचा एक इंच म्हणजे जगातले पाच फूट धरतात. पाच फूट म्हणजे साठ इंच, म्हणजे आपलं प्रमाण झालं एकास साठ. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात बरोबर २८ मिमीचा होतो, त्यामुळे हिशोब सगळीकडे जुळतो. दरवाजा ४० ते ४५ मिमी उंच ठेवा, माणसाच्या छातीइतका कठडा २० मिमी. पंधरा फुटी तट हवा असेल तर तीन इंच.

डोंगराला मात्र हे प्रमाण लावू नका. अजिंक्यतारा शहरापासून साधारण तीनशे मीटर उंच आहे. एकास साठने तो पाच मीटरचा होईल, म्हणजे घराचं छत फोडून वर जाईल. डोंगर नेहमी दाबूनच करावा लागतो. माणसं, दारं, पायऱ्या प्रमाणात. डोंगर नजरेला पटेल इतका. टेबलावर दीड-दोन इंचांचे तीन टप्पे रचले तरी डोळ्याला तो गड वाटतो.

पायऱ्यांची एक अडचण आहे. खरी पायरी सात-आठ इंच उंच, म्हणजे बोर्डावर जेमतेम ३ मिमी. तिच्यावर बेस बसत नाही. म्हणून बोर्डावरची पायरी निदान २५ मिमी रुंद आणि ८-१० मिमी उंच करायची. बघायला थोडी ढोबळ वाटते, पण खेळताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

बोर्ड किती मोठा

पहिल्यांदा चार बाय चार फुटांचा अखंड बोर्ड करायला घेऊ नका. तो कुठे ठेवायचा या प्रश्नावरच घरात वाद होतात, आणि एका कोपऱ्यात चूक झाली की सगळाच नकोसा होतो. एक फूट बाय एक फुटाच्या टाइल करा. चार झाल्या की दोन बाय दोन फुटांचं मैदान तयार होतं आणि एखादी लहान लढाई त्यावर मजेत बसते.

टाइल एकमेकींना जुळण्यासाठी एकच नियम पाळायचा: ज्या कडेवरून वाट बाहेर जाते तिथे ती कडेच्या बरोबर मध्यावर, ठरलेल्या रुंदीची आणि तळाच्या उंचीवर असली पाहिजे. ओढ्याचंही तसंच. मग कुठलीही टाइल कशीही फिरवून लावा, वाट पुढच्या टाइलवर चालू राहते आणि चार टाइलमधून दर रविवारी नवा मुलूख निघतो. पुठ्ठ्याची एक फूट लांब पट्टी कापून तिच्यावर वाटेची जागा खुणावून ठेवा आणि प्रत्येक टाइलच्या कडेला तीच पट्टी लावून तपासा.

तळाला साडेपाच-सहा मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी) किंवा प्लायवूड घ्या. सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात, आणि कापूनही तोच देतो. एमडीएफच्या एकाच बाजूला पातळ फेव्हिकॉल किंवा रंग लावला की ते वाळताना वाकतं. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना रंगाचा एकेक हात देऊन टाका. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण वाकलेली टाइल नंतर काही केल्या सरळ होत नाही.

डोंगर कशाचा करायचा

सगळ्यात चांगला फोम म्हणजे एक्सपीएस, बांधकामात उष्णता अडवायला वापरतात ती निळी, गुलाबी किंवा राखाडी घट्ट शीट. चाकूने लोण्यासारखी कापली जाते, पेन्सिलीने दाबलं की दगडाचे सांधे उमटतात. साताऱ्यात ती सहज हाताला लागत नाही. पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते, आणि चौघांनी मिळून मागवली तर परवडते.

दुसरा पर्याय नेहमीचा पांढरा थर्माकोल. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर आणि सजावटीसाठीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे तो नवा विकत घेण्याचा विचार सोडा. टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांच्या खोक्यातून जे ठोकळे येतात ते मात्र घरोघरी पडून असतात. ते एरवी कचऱ्यातच जायचे, त्यांचा डोंगर केलेला केव्हाही बरा.

तिसरा पर्याय माझ्या मते नवशिक्यांसाठी उत्तम: खोक्यांचा पुठ्ठा. सफरचंदाची खोकी किंवा मोठ्या मशिनची जाड खोकी घ्या. थरावर थर चिकटवताना एका थराच्या नळ्या उभ्या आल्या तर पुढच्या थराच्या आडव्या येऊ द्या, म्हणजे पुठ्ठा पिळवटत नाही. कडेला दिसणाऱ्या नळ्यांवर फेव्हिकॉल लावलेला टिश्यू पेपर चिकटवला की त्या झाकल्या जातात.

आता या लेखातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. परदेशी मार्गदर्शक बघून टेरेन करणारे लोक डोंगर गोलसर, टोकदार करायला जातात आणि थरांच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून तासन्‌तास घासत बसतात. आपल्याला त्याची गरजच नाही. आपला सह्याद्री मुळात थरांचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि त्याच्या आडव्या चादरी साचल्या. भूशास्त्रात त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थराचा सरळ उभा कातळकडा होतो, ठिसूळ थर झिजून गवताळ उतार होतो, मग पुन्हा कडा. यवतेश्वरच्या घाटातून किंवा सज्जनगडाच्या वाटेवरून समोरच्या डोंगराकडे नीट बघा. कडा, गवताची पट्टी, कडा, गवताची पट्टी, आणि वर सपाट माथा.

म्हणजे फोमची शीट किंवा पुठ्ठ्याचा थर रचला की आपला डोंगर आपोआप होतो. कडा उभा कापा आणि प्रत्येक कड्याच्या वर निदान दीड इंच रुंदीची सपाट पट्टी सोडा. ती गवताची पट्टी दिसायला खरी आणि मिनी उभी राहायला पक्की. निसर्गाची रचना आणि खेळाची गरज इतकी जुळून आलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

कापणं आणि चिकटवणं

कटरचं पातं नवं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. पातं लांब बाहेर काढा, आडवं धरा आणि एका दमात खाली दाबण्याऐवजी तीन-चार लांब फटक्यांत कापा. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच नको. पांढऱ्या थर्माकोलचे मणी सुटतात, तिथे तापलेल्या तारेचा कटर चांगला. गणपतीच्या दिवसांत सजावट करणाऱ्यांकडे तुम्ही तो पाहिला असेल. त्याचा धूर नाकात जाऊ देऊ नका. गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी बसा, आणि शेजारी लहान मूल असेल तर तारेचा कटर त्या दिवशी काढूच नका. फोम घासायचा असेल तर मास्क लावा.

कडा अगदी सरळ कापू नका. कापून झाल्यावर कडेचे लहान-लहान तुकडे बोटांनी तोडा. फुटलेल्या कातळासारखा चेहरा येतो, आणि तो कुठल्याही हत्याराने साधत नाही.

डिंकात चूक झाली तर सगळं काम वितळतं, अक्षरशः. चपलांना, रबराला लावतात तो पिवळट, उग्र वासाचा डिंक फोमला खातो. स्प्रे पेंटही खातो. पांढरा फेव्हिकॉल चालतो. पण दोन मोठ्या शीटच्या मध्ये हवा पोहोचत नाही, त्यामुळे तिथला फेव्हिकॉल कित्येक दिवस ओला राहतो. तो पातळ पसरा, थरांतून आरपार तीन-चार टूथपिक खोचा, वर पुस्तकांचं वजन ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. पावसाळ्यात दोनचे पाच दिवस धरा. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत काहीच धड वाळत नाही, म्हणून मी मोठं काम दसऱ्यानंतरच काढते. ऑक्टोबरचं ऊन आणि कोरडी हवा यांसारखा मदतनीस नाही.

सगळे थर चिकटवण्याआधी ते नुसते रचून एक डाव खेळून बघा. खरंच खेळा, फासे टाकून. कुठे हात पोहोचत नाही, कुठे वाट अरुंद पडते, कुठल्या कड्यामागे मिनी दिसतच नाही, हे अर्ध्या तासात कळतं. बदल करायचा तर तो आत्ताच.

कातळाचा पोत

एक्सपीएस असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून फिरवा. दगडाचा खरखरीतपणा उमटतो. तटाच्या चिऱ्यांसाठी बोथट पेन्सिलीने सांधे काढा, पण सगळे चिरे एका मापाचे नकोत.

थर्माकोल किंवा पुठ्ठा असेल तर वर लेप द्यावा लागतो. दोन भाग वॉल पुट्टी, एक भाग फेव्हिकॉल, थोडी चाळलेली वाळू आणि लागेल तसं पाणी. श्रीखंडाइतकं दाट झालं पाहिजे. त्यातच काळा आणि तपकिरी स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) घाला. पुढे कधी टवका उडाला तर आत पांढरं दिसत नाही. वाळूसाठी नदीवर जायची गरज नाही, जवळच्या बांधकामावर मागितली तर मूठभर कुणीही देतं. ती धुऊन, वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळून घ्या (चाळणी जुनी असू द्या). बारीक वेगळी, जाड वेगळी. जाड वाळू कड्याच्या पायथ्याशी टाका, कारण खऱ्या डोंगरातही पडलेले धोंडे तिथेच साठतात.

रंग

हॉबीच्या छोट्या बाटल्या मिनींसाठी राखून ठेवा. बोर्डाला हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याचा इमल्शन रंग आणि स्टेनरच्या बाटल्या पुरतात: काळा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि हिरवा. पहिला हात जवळजवळ काळा, त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून. त्याने फोमवर टणक कवच बसतं. फटी-खाचांत ब्रश नीट कोंबा. पांढरा ठिपका राहिला तर तो शेवटपर्यंत डोळ्यात खुपतो.

दुसरा हात तपकिरी झाक असलेल्या राखाडीचा. आपला बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, नुसता राखाडी नसतो. उन्हात तपकिरी वाटतो, पावसात काळा पडतो. हा रंग खाचांत उतरू न देता वरवर लावा. मग ड्राय ब्रश: ब्रशला फिकट राखाडी लावा, तो जुन्या फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उरलेल्या रंगाने उंचवट्यांवरून हलकेच झटका. इथे घाई केली तर पट्टे उमटतात, म्हणून फडक्यावर आणखी एकदा पुसा. कातळाच्या कडा हळूहळू उजळत जाताना बघणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा अर्धा तास आहे.

आणखी एक खूण करा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल पट्टी दिसते. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली आणि मग वरच्या थराखाली दबलेली ती जुनी माती. बोर्डाच्या एखाद्या कड्यावर दोन थरांच्या सांध्यात लाल ऑक्साइडची अशी बारीक रेघ ओढा. बघणारा लगेच म्हणतो, हा आपल्याकडचाच डोंगर.

गवत आणि झाडी

बाहेरून येणारं तयार गवत सुंदर असतं आणि महागही. आपल्याकडे लाकडाच्या वखारीतला भुसा आहे. बारीक चाळा, पाणी घातलेल्या हिरव्या-पिवळ्या रंगात कालवा, कागदावर पसरून उन्हात वाळवा. एकच हिरवा करू नका. तीन छटा करा आणि मिसळून टाका. फेव्हिकॉल फासून वर चिमटीने भुरभुरा, तासाभराने उलटं करून झटका. उन्हाळी डोंगर हवा असेल तर नारळाच्या शेंडीचे धागे बारीक कापून पिवळं गवत करा. झुडपांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून वापरा. झाडाचं खोड जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून होतं, फांद्यांना जाळीचे तुकडे चिकटवले की उंबर तयार.

चहाचा चोथा वाळवून जंगलातल्या मातीला वापरता येतो, पण आधी तो कढईत कोरडा भाजून घ्या, नाहीतर बुरशी येते. राजगिरा, रवा, मोहरी हे खडे म्हणून लावायचा मोह होतो. लावू नका. मुंग्या आणि किडे दोन महिन्यांत बोर्ड पोखरतात.

शेवटी एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब स्प्रेच्या बाटलीत भरून सगळीकडे फवारा. लिक्विडमुळे पाणी थेंबांत न साचता आत झिरपतं. वाळलं की भुसा हाताला लागत नाही.

गड

मोकळा डोंगर दोन-तीन डावांत जुना होतो. मग त्यावर काहीतरी बांधावं लागतं, आणि आपल्या गडांची रचना खेळासाठी इतकी अनुकूल आहे की परक्या किल्ल्यांची नक्कल करायचं मनातच येत नाही. रायगडाच्या महादरवाज्याची गोमुखी बांधणी घ्या. दोन बुरूज असे वळवलेले की जवळ गेल्याशिवाय दरवाजा दिसतच नाही. बोर्डावर याचा अर्थ असा की हल्ला करणाऱ्याला दरवाज्यावर नेम धरायला आधी बुरुजांच्या माऱ्यात शिरावं लागतं. दरवाज्याच्या आत देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची जागा, ठेवा, दोन मिनी लपतील इतकी. तटात जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, कोरा. माथ्यावर पाण्याचं टाकं खोदा, दोन बाय तीन इंचांचं, पुढच्या साहसात कुणीतरी त्यात काहीतरी शोधायला उतरणारच.

पडका बुरूज करायचा असेल तर साताऱ्याचाच इतिहास समोर आहे. १७०० साली औरंगजेबाच्या वेढ्यात अजिंक्यताऱ्याखाली सुरुंग उडवले, तेव्हा तट फुटला आणि ढासळलेल्या दगडांखाली मुघलांचेच पुष्कळ सैनिक गाडले गेले. तसा बुरूज बांधा: अर्धा उभा, अर्धा बाहेरच्या बाजूला कोसळलेला. फोमचे उरलेले तुकडे चुरून त्याचा ढिगारा करा, आणि त्या ढिगाऱ्यातच २५ मिमीचे दोन-तीन सपाट दगड बसवा. बघणाऱ्याला नुसता डबर दिसतो. खेळणाऱ्याला गडावर चढायची चोरवाट मिळते.

गडाचे भाग डोंगराला चिकटवू नका. दरवाजा, बुरूज, तट सगळे सुटे ठेवा. आज गड, पुढच्या रविवारी नुसती माची.

पाणी

ओढ्यासाठी रेझिन ओतायचा मोह पहिल्या टाइलवर टाळा. जाड थर ओतला तर ते वाळताना तापतं आणि फोम खचतो, शिवाय कडेला बारीक फट राहिली तरी टेबलावर सांडतं. त्यापेक्षा ओढ्याचा तळ मध्ये गडद हिरवा-काळा आणि काठाला तपकिरी रंगवा, रंग एकमेकांत ओलेपणीच मिसळू द्या, आणि वर चकचकीत पाण्याच्या व्हार्निशचे चार हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा.

ठेवायचा कसा

झालेल्या टाइल एकावर एक थेट रचू नका. गवत दबतं. उथळ खोक्यांत एकेक ठेवा आणि ती खोकी रचा. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवू नका, गडद रंगाचा फोम उन्हाने वाकतो. पावसाळ्यात कपाटावर, भिंतीपासून चार बोटं दूर.

पहिल्या तीन टाइल डोंगर, वाट आणि गड यांच्या झाल्या की चौथी पठाराची करा, कासच्या पठारासारखी. डोंगर नाही, कडा नाही, सगळी सपाट, म्हणजे दोन संध्याकाळींत होते. जमिनीला जांभ्याचा लालसर तपकिरी रंग द्या, मधूनमधून काळपट कातळ उघडा राहू द्या आणि एका बाजूला उथळ डबकं. बाकी ठिकाणी हिरवा भुसा अगदी पातळ. मग सप्टेंबर आणायचा: भुश्याच्या वेगळ्या चिमटी गुलाबी आणि पिवळ्या रंगात भिजवून वाळवा, तेरड्यासाठी गुलाबी, सोनकीसाठी पिवळा, आणि गेंदाच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी टूथपिकच्या टोकाने पांढरा रंग. फुलं एकेकटी विखरू नका, पट्ट्यापट्ट्यांनी टाका, पठारावर ती तशीच येतात. डबक्याच्या काठाला जांभळ्याचे दोन-चार ठिपके सीतेच्या आसवांसाठी ठेवा. ते वाळले की फेव्हिकॉल-पाण्याचा स्प्रे मारा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या.